रद्दीच्या गठ्ठ्यातील वह्या

दहावीचा निकाल लागला की व्यापारी घरांमध्ये एक ठरावीक संवाद ऐकू येतो. गणितात ९६, विज्ञानात ९२ आणि सामाजिक शास्त्रांत मात्र जेमतेम सत्तरी. पालक ते हसण्यावारी नेतात. "इतिहास त्याला पहिल्यापासूनच आवडत नाही, आणि दुकानाच्या गादीवर त्याचा उपयोग तरी काय?" मुलगाही सुटकेचा निःश्वास टाकतो, सनावळ्या कायमच्या सुटल्या याचाच त्याला आनंद असतो.

वास्तविक व्यापाऱ्याच्या मुलाला आकडे आणि तारखा लक्षात राहत नाहीत, हे पटण्यासारखे नाही. दिवाळीच्या वहीपूजनात पहिल्या पानावर वीर संवत आणि विक्रम संवत तोच लिहितो. दोहोंत ४७० वर्षांचे अंतर असते हेही त्याला ठाऊक असते. कोणत्या पेढीकडे किती दिवसांचे येणे थकले आहे, ते त्याला वही न उघडता सांगता येते. मग तहाचे साल तेवढे का निसटते? कारण उघड आहे. येण्याच्या तारखेमागे माणूस आहे, माल आहे आणि वायदा आहे. तहाच्या तारखेमागे काय आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

राज्यातील दहावीचे इतिहासाचे पुस्तक २०१८ मध्ये बदलले, आणि ते चांगल्या हेतूने बदलले. राजे व लढाया मागे पडून इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे विषय आले. प्रश्न मात्र ओळखीचेच राहिले : योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, टिपा लिहा. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण. त्यासाठी गाइडची चार पाने पुरतात. शिक्षकांना दोष देणेही फारसे न्याय्य नाही. वर्षभराच्या मोजक्या तासिकांत अभ्यासक्रम संपवायचा, तर धडा वाचून दाखवणे आणि उत्तरे उतरवून देणे याखेरीज त्यांच्या हाती फारसे उरत नाही.

तरीही जालना जिल्ह्यातील मुलांना हा विषय निर्जीव वाटावा, याचे नवल वाटते. पुस्तकात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाला फार तर दोन-चार ओळी मिळतात. त्या युद्धातील असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यात झाली. त्याआधी दोनच दिवस जनरल वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हनसन यांनी बदनापूर येथे भेटून दोन वेगवेगळ्या वाटांनी निघण्याचे ठरवले होते. शिंदे-भोसल्यांची मोठी फौज अचानक समोर आली तेव्हा वेलस्लीजवळ अर्धेच सैन्य होते. मध्ये केळणा नदी होती आणि पलीकडे जाण्यास उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन खेडी पाहिली आणि अनुमान बांधले : इतकी जवळ गावे आहेत, म्हणजे त्यांच्यात ये-जा असणार, ये-जा आहे, म्हणजे उतार असणारच. उतार निघाला आणि सैन्य पार झाले. त्या विजयासाठी त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक मृत वा जखमी झाले. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा वेलिंग्टन तो हाच.

दोन वस्त्यांमध्ये देवघेव असणारच, हा हिशेब व्यापाऱ्याच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. पण परीक्षेत त्याला लढाईचे साल विचारले जाते. नदीचा उतार कसा सापडला, हे कोणी विचारत नाही.

त्याच केळणेच्या काठी भोकरदन आहे. प्राचीन काळी ते भोगवर्धन म्हणून ओळखले जाई आणि पैठण ते उज्जैन या व्यापारी मार्गावर होते. साँचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ च्या उत्खननात येथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भग्न भाग मिळाला. त्याच्याशी जुळणारी मूर्ती त्याआधीच, १९३८ मध्ये, इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले शहर. भोकरदनच्या बाजारात कापूस घालायला जाणाऱ्या किती घरांत ही गोष्ट मुलांना सांगितली गेली असेल?

गेल्या दिवाळीपूर्वी जालन्याच्या मोंढ्यातील एका आडत व्यापाऱ्याच्या घरी माळा रिकामा करण्यात आला. लाल कापडी बांधणीच्या वह्यांचे गठ्ठे खाली आले. महाजनी लिपी घरात आता दादाजींखेरीज कोणाला वाचता येत नाही. इतिहासाचा तिटकारा असलेल्या दहावीतील नातवानेच रद्दीवाल्याला बोलावले होते. दादाजींनी सहज एक वही उघडली आणि नातवाला गणित घातले : "सात हाली म्हणजे सहा कलदार. तर शंभर कलदारांचे हाली किती?"

नातू चक्रावला. हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजी मुलखातला, हे दादाजींनी सांगितले. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, हेही सांगितले. मुलाने मोबाइल बाजूला ठेवून कागदावर भागाकार केला : ११६ रुपये १० आणे ८ पै. वहीतील एका जुन्या नोंदीत नेमका हाच आकडा होता. मुंबईचा माल कलदारात घ्यायचा आणि जालन्यात हालीत विकायचा, म्हणजे प्रत्येक सौद्यात बट्ट्याचा हिशेब. मग त्याचे प्रश्न थांबेनात. निजाम गेल्यावर हाली रुपयांचे काय झाले? कोणाचे नुकसान झाले? एकाच दिवसात दोन रुपयांचा एक रुपया झाला का? दादाजींनी सांगितले, तसे झाले नाही. संस्थान भारतात आल्यावरही काही वर्षे दोन्ही नाणी सोबत चालत होती.

दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेत ध्वजारोहण होते आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषण होते. ते भाषण त्याने एकदा पाठ करून म्हटलेही होते, बक्षीसही मिळवले होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ही पोलीस कारवाई त्याला तारखांसह येत होती. पण त्या पाच दिवसांत आपली पेढी उघडी होती की बंद, हा प्रश्न त्याला त्या दुपारी पहिल्यांदाच पडला.

त्याने एकेक गठ्ठा सोडवला. दादाजी वहीच्या पहिल्या पानावरचा संवत वाचत आणि तो त्यातून सन काढून पाटीवर लिही. रद्दीवाला जिन्यावर तराजू घेऊन बसून राहिला. १९४३ ची वही निघाली, १९४६ ची निघाली, १९५२ ची निघाली. संवत २००४ ची मात्र कोठेच मिळाली नाही. शेवटी सुनेला आठवले, मागच्या वर्षी रंगकामाच्या वेळी दोन गठ्ठे दिले होते. त्यांचे वजन भरले होते अकरा किलो.