जुनी गाडी : हौस आधी की ब्रेक आधी?

पावसाळ्यात घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या ओम्नी आणि मारुती ८०० हमखास दिसतात. कपड्याच्या किंवा फळांच्या धंद्यात थोडी बरकत आली की आपले तरुण दहा-पंधरा वर्षांची गाडी घेतात. सहा दिवस तिच्यात माल, सातव्या दिवशी बालबच्चे. अशा गाडीत नवखा माणूस सर्वात आधी रुंद टायर, मोठा हॉर्न आणि लख्ख दिवे बसवतो. हौसेला आमची हरकत नाही. पण पैसा आधी कोठे जातो, याला जरूर आहे.

भंडारद्याच्या घाटवाटांत चढण्यापेक्षा उतरणे कठीण. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. जुने ऑइल सतत दाबलेल्या ब्रेकच्या उष्णतेने उकळते आणि पॅडल एकदम खाली जाते. दोन वर्षांत एकदा ऑइल बदलण्याचा खर्च हॉर्नपेक्षा कमी येतो, पण तो कोणाला दिसत नाही, म्हणून राहून जातो. ब्रेक, टायर, रेडिएटर आणि वायरिंग हा क्रम आम्ही तरी बदलणार नाही.

दिव्यांचेही तसेच. कंपनीची वायर ६०/५५ वॅटच्या बल्बसाठी असते. तिच्यावर रिले न लावता १०० वॅटचा बल्ब चढवला की वायर तापते, स्विच वितळतो. शिवाय धुक्यात पांढरा झोत चालकाच्याच डोळ्यांवर परततो. तेथे खाली लावलेला फॉग लॅम्प कामाचा.

गॅस किट हा हौसेचा नव्हे, हिशेबाचा फेरफार. पण सीएनजीची पोलादी टाकी रिकामीच पन्नास-साठ किलो भरते. तिच्यावर गाठोडी रचली की मागच्या स्प्रिंगा बसतात आणि चढावर ताकदही कमी पडते. मंजूर किट घ्यावे, आरसी बुकात नोंद करावी, विमा कंपनीला कळवावे आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने नोंद केली नव्हती. अपघातानंतर त्याचा दावा महिनोन्‌महिने अडकून पडला.

कायदा आता सैल राहिलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की, उत्पादकाने ठरवलेली गाडीची मूळ रचना मालकाला बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवानगी फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. छत कापणे, चासी वाढवणे याच्या वाटेला जाऊच नये.

आता दोन शब्द कारागीर बंधूंसाठी. डेंटिंग, वायरिंग, सीटकाम यांत आपली मुले पटाईत आहेत. मात्र "सब चलता है, सेठ" म्हणून स्प्रिंग कापून देणारा हात उद्या त्याच गाडीत बसणाऱ्या मुलांच्या जिवाशी खेळतो. गिऱ्हाइकाची गाडी ही अमानत आहे. कामाआधी आरसी बुक मागा, काय बदलले ते पक्क्या बिलावर लिहा. गिऱ्हाईक कुरकुर करील. पण काढलेला जुना भाग त्याच्या हाती दिलात, तर पुढच्या वेळी भाव करताना तो निम्मीच घासाघीस करील.