आषाढात दगावणारे झाड

मे महिन्यात वऱ्हाडातल्या अंगणात काय उरते, ते एकदा मोजून बघावे. गुलाबाच्या पानांच्या कडा करपलेल्या असतात, शेवंती कधीच आटोपलेली असते, तुळससुद्धा कूलरच्या आडोशाला नेऊन ठेवावी लागते. पारा ४५ अंशांच्या वर, नळ रोज येत नाही. आणि अशात न्हाणीच्या मोरीजवळ, कुणीही न लावलेली सदाफुली गुलाबी फुले मिरवीत उभी असते. एवढ्या निगुतीने फुलणाऱ्या झाडाला आपण फुकटचे समजतो, म्हणून त्याची किंमत करत नाही.

मूळची ती इथली नव्हेच. मादागास्कर या हिंदी महासागरातल्या बेटावरची. वाळू, तापलेले ऊन आणि खारा वारा यांत ती वाढली. आपला गुलमोहरही त्याच बेटाचा, आणि नर्सरीत ‘युफोर्बिया’ म्हणून मिळते ते काटेरी, लाल फुलांचे झुडूपही तिथलेच. म्हणजे आपल्या उन्हाळ्यातली बरीच लाली समुद्रापलीकडून आलेली आहे.

माझे माहेर अकोल्याकडचे, सासर अमरावतीचे. माहेरचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, इकडे दर्यापूर, भातकुली. या भागातल्या लोकांना बोअरच्या पाण्याचा गुण सांगायला नको. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि महागाची रोपे महिन्याभरात माना टाकतात. सदाफुली मात्र ते पाणीही बऱ्यापैकी चालवून घेते.

मग ती मरते कशाने? उन्हाने नाही, पावसाने. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि आषाढात फुगून चिकट होते. पाणी खाली उतरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी बुडाशी पोचते. काल फुललेले झाड आज सकाळी मलूल दिसते. घरातले कुणीतरी कळवळून त्याला आणखी तांब्याभर पाणी घालते, आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. माती ओली असताना झाड सुकत असेल तर ती तहान नसते, मूळ कुजलेले असते, हे आपल्याकडच्या प्रत्येक हौशी बागवानाने ध्यानात ठेवायला हवे.

उपाय मात्र साधा आहे. वीतभर उंच वरंबा करायचा, काळ्या मातीत निम्मा मुरूम आणि थोडी रेती मिसळायची, झाड पागोळीच्या माऱ्यापासून दूर ठेवायचे. अमरावतीला टेकड्यांच्या बाजूला जमीनच मुरमाड आहे, तिथल्या लोकांना ही खटपटही नको. खताचा मोह आवरावा. फार खाऊ घातले की पाने माजतात, फुले कमी होतात. मृगाच्या आधी फांद्या निम्म्यावर छाटल्या तर झाड नव्याने फुटते. नर्सरीतली बुटकी, मोठ्या फुलांची संकरित सदाफुली दिसायला देखणी, पण पहिल्या झडीतच ती बहुधा मान टाकते. मी तरी गावरान गुलाबीच्याच बाजूची.

शिवाय राखणीची गरज नाही. आमच्या घराजवळ शेळ्या राखणारी म्हातारी म्हणते, “त्या झाडाले काऊन कुंपण करतं वं बाई? बकरी त्याले तोंडबी लावत नाही.” खरेच आहे. त्याचा चीक कडू आणि विषारी.

याच विषाची गोष्ट मोठी आहे. जमैकात, म्हणजे आणखी एका बेटावर, लोक मधुमेहावर सदाफुलीचा काढा घेत. तिथल्या एका डॉक्टरने १९५२ मध्ये २५ पाने कॅनडात पाठवली, आणि ती रॉबर्ट नोबल या संशोधकाच्या हाती आली. काढा पाजून उंदरांची साखर काही उतरली नाही. टोचून दिला तेव्हा मात्र उंदीर जंतुसंसर्गाने दगावले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारे द्रव्य रक्ताच्या कर्करोगात उपयोगी पडेल, हा धागा नोबल आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स बीअर यांनी पकडला आणि १९५८ मध्ये विनब्लास्टिन वेगळे काढले. पाठोपाठ आलेले विनक्रिस्टिन लहान मुलांच्या ल्युकेमियावर आजही दिले जाते. पानांत ही द्रव्ये इतकी थोडी, की एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात.

हे वाचून सकाळी अनशापोटी पाने चघळणाऱ्यांना मी हात जोडते. आपल्याकडे प्रत्येक कॉलनीत असा एक तरी गृहस्थ असतोच, आणि तो इतरांनाही आग्रह करतो. ज्या द्रव्याने पांढऱ्या पेशी घटतात ते अंदाजपंचे पोटात घालायचे नसते. शुगरचे डॉक्टरांना विचारावे.

बी हवे असेल तर विकत घेऊ नका. फूल गळले की तिथे सडपातळ शेंगांची जोडी धरते; ती पिवळसर पडताच तोडावी, नाहीतर तडकून सगळे बी सांडते आणि मुंग्या ते ओढून नेतात. बारीक काळे बी पातळ मातीखाली झाकावे, उजेडात ते नीट रुजत नाही. मनीप्लांट चोरून आणावा म्हणतात. सदाफुलीला तेवढे धाडस लागत नाही, कुणाच्या तरी कंपाउंडबाहेर आलेल्या फांदीवर शेंगा हमखास असतात.