धार आणि पाणी

दिवसांतून दहा वेळां गृहिणीच्या हातीं येणारी, आणि तरीही जिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, अशी घरांतील वस्तु कोणती, असें कोणी विचारल्यास मी ‘विळी’ असें उत्तर देईन. ती बोथट झाली म्हणजेच तिची आठवण होते. या महिन्याच्या सदराचा विषय तीच आहे. मात्र तिच्यापर्यंत पोंचण्यासाठीं वाचकांस प्रथम जपानची एक लहानशी फेरी करावी लागेल.

गेल्या दिवाळींत माझा पुतण्या ओसाकाहून साखरखेर्ड्यास घरीं आला. येतांना त्यानें आपल्या काकूसाठीं, ओसाकाजवळच्या साकाई या गांवीं घडविलेली एक सुरी आणली. लांकडी पेटींतून ती बाहेर निघाली तेव्हां सारें घर भोंवतीं जमलें. टोमॅटोची चकती अशी पडे कीं पलीकडचें दिसावें! दुसऱ्याच दिवशीं आमच्या जुन्या विळीची रवानगी माळ्यावर झाली. “आतां या गांवठी विळीचें काय काम?” असें मीच म्हणालों, हें कबूल केलें पाहिजे.

चवथ्या दिवशीं चिवड्यासाठीं सुक्या खोबऱ्याचे काप करतांना धाकट्या सुनेनें ती सुरी खोबऱ्यांत जराशी पिळली, आणि धारेचा गव्हाएवढा टवका उडाला. सून रडकुंडीस आली. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. पण त्याचें न बोलणेंच तिला अधिक लागलें असावें. अखेर सुरी आणि, आईच्या आग्रहावरून, माळ्यावरची विळी अशा दोन्ही वस्तु घेऊन मी गांवांतल्या लोहाराकडे गेलों.

साखरखेर्ड्याचें नांव इतिहासांत येतें तें १७२४ सालच्या लढाईमुळें. निजामुल्मुल्कानें येथें मुबारिझखानाचा पराभव केला, खान रणांत पडला, आणि निजामानें गांवास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. मराठ्यांनींही त्या प्रसंगीं निजामास साह्य केलें होतें. तलवारींचा हा इतिहास शाळेंतलीं मुलेंही सांगतील. परंतु विळे, खुरपीं, कुऱ्हाडी आणि नांगराचे फाळ ज्या भट्ट्यांवर घडले, त्यांचा इतिहास कोणी लिहून ठेविला नाहीं.

मिस्त्रींनीं सुरी हातीं घेतली, दाराच्या उजेडांत तिरपी धरली आणि अंगठ्याचें नख धारेवरून हळूच फिरविलें. मग म्हणाले, “काका, हे एक लोखंड नोहे, दोन हायत. वरचं मऊ हाय, धारेचं कडक. कडक हाय म्हणूनच टवका उडाला. याच्यानं कापा, पण पिळू नका.”

तें अगदीं खरें होतें. साकाईचे कारागीर मऊ लोखंडाच्या पट्टीस कठीण पोलादाची पट्टी तापवून जोडतात, आणि धार निघते ती त्या पोलादाची. साध्या मऊ लोखंडांत कार्बन शेंकडा पाव भागाहूनही कमी असतो. मोटारीच्या कमानीच्या पाट्यांत शेंकडा सुमारें सहा दशांश. आणि अशा सुरीच्या धारेंत शेंकडा एकाच्या आसपास. कार्बन वाढला म्हणजे धार टिकते, पण ठिसूळपणाही वाढतो. नुसतें कठीण पातें मोडेल, नुसतें मऊ पातें वांकेल. म्हणून दोहोंचा संसार मांडावा लागतो. जहांगीर बादशहाच्या कारकीर्दींत, १६२१ सालीं, जालंधराकडे आकाशांतून लोखंडाचा एक गोळा पडला. त्याचें हत्यार करूं जातां तें घणाखालीं फुटूं लागलें. तेव्हां त्या लोखंडाच्या तीन भागांत साध्या लोखंडाचा एक भाग मिसळून तलवारी, खंजीर आणि सुरी घडविण्यांत आल्या. तत्त्व तेंच.

जपानांत १८७६ सालीं सरकारनें तलवार लावून उघडपणें हिंडण्यास बंदी केली, आणि तलवारी घडविणाऱ्या पुष्कळ हातांना स्वयंपाकघराच्या सुऱ्यांकडे वळावें लागलें. साकाई येथें तर तंबाखू कापण्याच्या सुऱ्यांचा धंदा त्यापूर्वींच नांवारूपास आलेला होता. तेथें घडविणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसविणारा वेगळा. १९८२ सालीं त्या देशाच्या सरकारनें या कामास परंपरागत कलेचा अधिकृत मान दिला. मान आला तशी किंमतही आली.

आतां आमच्या विळीकडे वळूं. मिस्त्रींनीं तिच्या पात्यावर कानस फिरविली. कानस सहज चावली. ते हंसून म्हणाले, “हिचं तिखं सरलं काका. आमच्या आजानं धारेला तिखं जोडलं व्हतं. घासता घासता तुमच्या घरानं ते खाऊन टाकलं. आता निस्तं लोखंड उरलं.”

तिखें म्हणजे पोलाद. हा शब्द आतां आपल्या बोलण्यांतून गेलाच आहे. साकाईच्या सुरीची जी रचना पाहून आम्हीं माना डोलावीत होतों, तीच रचना आमच्या माळ्यावर धूळ खात पडली होती! विळी गांवठी होती म्हणून बोथट झाली नव्हती. दोन पिढ्यांची भाजी चिरून तिचें पोलाद झिजलें होतें.

मिस्त्रींनीं भाता सुरू केला. पूर्वीं तो कातड्याचा असे व घरची बाई तो ओढी. हल्लीं विजेचा पंखा वारा देतो. पात्याची कड तापवून छिन्नीनें उभी चिरली, तींत जुन्या कमानीच्या पाट्याची पातळ चीप बसविली, टाकणखार पेरला आणि पातें ठिणग्या उडूं लागेपर्यंत तापविलें. मग ऐरणीवर घणाचे भराभर पण हलके घाव पडले, आणि दोन लोखंडांचें एक झालें. घाव जड पडता तर सांधा निसटता; उशीर होता तर निवता.

खरी कसोटी पुढेंच. त्यांनीं दार लोटून खोलींत अंधार केला, कारण उन्हांत लोखंडाचा रंग फसवितो. पळसाच्या फुलासारखा रंग येतांच पातें तेलांत बुडालें. पोलाद सुमारें ७७० अंश सेल्सिअसला तापलें म्हणजे त्यास लोहचुंबक धरीत नाहीं; त्याच्या थोडें वर जाऊन तें एकदम निवविलें तर कठीण होतें. एवढ्यानें काम संपत नाहीं. पातें पुन्हां मंद आंचेवर धरावें लागतें. घासून लख्ख केलेल्या जागीं गव्हाळ पिवळा रंग चढला, म्हणजे ठिसूळपणा कांहींसा उतरला असें समजावें. निळा चढला तर धार मऊ पडली. यालाच आपण हत्याराला पाणी देणें म्हणतों, आणि माणसालाही पाणीदार म्हणतों तें यावरूनच.

जपानी सुरी मात्र त्यांनीं फिरत्या चाकावर धरली नाहीं. “चाकावर धार तापते, अन् पाणी उतरते,” असें म्हणून ओल्या दगडावर तासभर बसून त्यांनीं टवका घालविला.

सारी दुपार गेली. दोन्ही कामांचे त्यांनीं दोनशें रुपये मागितले. आणि वाचकहो, जी सुरी हजारों रुपयांची म्हणून आम्हीं पेटींत ठेविली, ती दुरुस्त करणाऱ्यास मीं संवयीनें म्हटलें, “मिस्त्री, शंभरांत करा.” त्यांनीं क्षणभर भट्टीकडे पाहिलें आणि “तुमच्या मनाला येईल तसं,” इतकेंच म्हटलें. मी शंभर देऊन आलों.

घरीं आईनें विळीवर भोपळा चिरून पाहिला, समाधानानें मान हलविली, आणि विचारलें, “काय दिलेंस?” मीं सांगितलें. ती पंचाऐंशी वर्षांची आहे. बलुत्याचे दिवस तिनें पाहिले आहेत. ती म्हणाली, “तुझे आजोबा खळ्यावर याच्या आजोबांना ज्वारी घालीत, ती रास सरतां सरतां. वर्षभर औतें त्यानें सांभाळायचीं, आणि माप भरतांना हात आमचा आंखडायचा. तेव्हां मी नवी सून होतें, बोललें नाहीं. तूं आज उरलेले शंभर देऊन ये.”

मी गेलों. मिस्त्रींनीं नोट घेतली, घडी करून खिशांत ठेविली. आभार मानले नाहींत. मानण्याचें कारणही नव्हतें. निघतांना मीं मुलाची चौकशी केली. “तो वेल्डिंग करते शहरात. हे नाही शिकला. यात काय ठेवलं?” असें उत्तर आलें. त्या प्रश्नाचें उत्तर माझ्या आदल्या दिवशींच्या शंभरांत होतें.

वाचकभगिनींस दोन सूचना करून हें टिपण पुरें करतों. बारीक धारेच्या सुरीनें खोबरें, कोय किंवा हाड यांस हात लावूं नये; लिंबू, चिंच, कैरी चिरल्यावर पातें लगेच धुऊन कोरडें करावें; आणि जुनी विळी टाकण्यापूर्वीं एकदां लोहारास दाखवावी. गृहस्थांस सूचना एकच आहे: तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करतां द्यावी. आमच्या घरीं आतां सुरी आणि विळी शेजारीं शेजारीं असतात, आणि खोबरें विळीवरच कातरलें जातें.