अंगणवाडीतले हरवलेले अंगण

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी दप्तरात आता इतका रुळला आहे की, त्यात ‘अंगण’ आहे याचा जवळजवळ सर्वांनाच विसर पडला आहे. अंगणवाडी म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो वजनकाटा, नोंदवही, खिचडीचे पातेले आणि भिंतीवर रंगविलेली बाराखडी. हे सारे आवश्यकच आहे. वजनकाट्याची थट्टा करण्याचे दिवस नंदुरबारसारख्या जिल्ह्याला अद्याप आलेले नाहीत. परंतु ही संस्था ज्या कल्पनेतून जन्मली, तिच्या केंद्रस्थानी माती, पाणी, पाने, बिया आणि खडे यांच्याशी खेळणारे मूल होते. त्या खेळाला आज तेथे कितपत स्थान उरले आहे? जेथे बालके कुपोषणाने खंगतात तेथे खेळाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. वस्तुतः जेथे कुपोषण आहे तेथेच ही चर्चा सर्वाधिक अगत्याची आहे.

बोर्डीचा धडा

ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मादाम माँटेसरी यांच्या विचारांचा या दोघांवर गाढ प्रभाव होता. माँटेसरींनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत उघडले होते. म्हणजे ही पद्धत मुळात गरिबांच्या मुलांसाठीच निर्माण झाली. पुढे मात्र दट्ट्यांच्या पेट्या, मनोरे, रंगीत पट्ट्या अशी तिची साधने महाग होत गेली आणि ती सुखवस्तू घरांतील मुलांपुरती मर्यादित राहू लागली.

१९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्रामबालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, तेव्हा या अडचणीला त्यांना समोरासमोर तोंड द्यावे लागले. खेड्यातील बालवाडीला दट्ट्यांच्या पेट्या परवडणार नव्हत्या. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद मुलाला शिकवायचे तर त्यासाठी लाकडाचा कारखाना कशाला हवा? शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या हे सारे सृष्टीने आधीच मांडून ठेवलेले होते. वस्तीतील मुले बालवाडीकडे येत नाहीत असे दिसताच बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणातही गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव लाभले. नाव सर्वदूर पोहोचले. त्यामागचा विचार तितक्याच वेगाने पोहोचला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

नंदुरबारचे मूल

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर दहा माणसांमागे सुमारे सात माणसे आदिवासी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. हे आकडे पुनःपुन्हा छापले जातात आणि त्यांवर उपाय म्हणून आहाराच्या योजना आखल्या जातात. त्या योजना हव्यातच.

परंतु या योजनांच्या रचनेतील एक उणीव सहसा लक्षात घेतली जात नाही. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत येऊन बसते, खाते, चार गाणी म्हणते. तीन वर्षांखालचे मूल मात्र तेथे प्रामुख्याने वजनापुरते आणि लसीपुरते येते. त्याच्या वाट्याचा आहार पाकिटातून घरी जातो. मग या वयाचे मूल दिवसभर असते तरी कोठे? अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरी पाड्यांत ते आईच्या पाठीशी बांधलेले असते, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ही बहीण त्यापायी शाळेला मुकते. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीसाठी गुजरातेत गेले, तर ते उसाच्या फडाच्या कडेला असते. मेंदूची वाढ ज्या वयात सर्वांत वेगाने होते, नेमके त्याच वयाचे मूल व्यवस्थेच्या लेखी एक वजन आणि एक पाकीट एवढेच उरते.

पाकिटाने पोट भरेल, पण तेवढ्याने भागेल काय? या प्रश्नाचे उत्तर जमैका बेटावर शोधले गेले आहे. १९८६-८७ साली किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत खुरटलेल्या १२९ बालकांची निवड झाली. त्यांची वये नऊ ते चोवीस महिने होती. काहींना दोन वर्षे पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी दर आठवड्याला एक तास आरोग्यसेविका जाई आणि आईला मुलाशी खेळायला शिकवी. खेळणी घरच्या घरी, टाकाऊ आणि साध्या वस्तूंपासून केलेली असत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. आहाराचा आणि खेळाचा असा दोहोंचा लाभ दोन वर्षांत दिसून आला आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे गेली. पुढील वीस वर्षांनी मात्र खेळाचा लाभच टिकून असल्याचे आढळले. खेळ मिळालेली मुले तरुणपणी इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती. आहार अनावश्यक आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. भुकेले मूल खेळत नाही, हे कोणतीही आई सांगेल. पण केवळ आहार पुरवून आपले कर्तव्य संपले, असे मानण्याचा अधिकार या प्रयोगानंतर कोणाला उरलेला नाही.

हातातून भाषेकडे

दीड-दोन वर्षांचे मूल ओली माती मुठीत दाबते तेव्हा नेमके काय घडते? बोटांत बळ येते. तीच बोटे पुढे पेन्सिल धरणार असतात. एका वाटीतले पाणी दुसऱ्या वाटीत ओतताना डोळा आणि हात यांचा मेळ बसतो आणि ‘भरले’, ‘सांडले’, ‘उरले’ या कल्पना आकार घेतात. सागाचे पान खरखरीत, केळीचे गुळगुळीत. नदीतला गोटा जड, दाणे काढलेले मक्याचे कणीस हलके. सुकलेला भोपळा हलवला तर आतल्या बिया वाजतात. ही तुलना म्हणजेच गणिताचा आणि विज्ञानाचा पाया होय.

यात आणखी एक लाभ दडलेला आहे आणि तो या जिल्ह्याच्या दृष्टीने लाखमोलाचा आहे. या जिल्ह्यातील असंख्य मुलांची घरची भाषा भिली, पावरी, मावची अथवा कोकणी असते; शाळेची भाषा मराठी. भिंतीवरच्या ‘अननसा’पाशी मूल मुके होते, कारण ते फळ त्याने कधी पाहिलेले नसते. मोहाचे फूल, पळसाचे फूल, बांबूचे सूप हातात आले की तेच मूल बोलू लागते. सेविका त्याच पाड्यातील असेल तर ती प्रथम त्याचा शब्द स्वीकारते आणि मग त्याच्याशेजारी मराठी शब्द ठेवते. मुलाच्या घरच्या वस्तू वगळून ही ओळख करून देणे फार कठीण आहे.

साधनांची येथे वाण नाही. चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचणाऱ्या बायांच्या मागे मुले असतातच. आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत पडतात तेव्हा त्यांचा आंबट वास अंगणभर पसरलेला असतो. काठीच्या होळीत कमरेला सुके भोपळे बांधून नाचणारे मूल पाहते आणि दुसऱ्या दिवशी तोच नाद शोधू लागते. शहरांतील बालवाड्या वाळूची पेटी आणि बियांची टोपली यांसाठी पालकांकडून भरघोस शुल्क घेतात. सातपुड्यात ते सारे दारात पडलेले आहे.

दोन रास्त आक्षेप

पहिला आक्षेप पालकांचा आहे आणि त्याची हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. ‘आमचे मूल मातीतच तर वाढते, त्यातून बाहेर पडावे म्हणून त्याला तुमच्याकडे पाठवतो. शहरातल्या मुलाला इंग्रजी आणि आमच्याला चिखल?’ ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेल्या त्यांना पाटी-पुस्तक ही मुक्तीची खूण वाटावी, यात नवल नाही. त्यांना सांगायला हवे ते हे की, मातीचा खेळ पाटीची जागा घेत नाही. तो पाटीची पूर्वतयारी आहे. ज्या शाळांची भरमसाट फी ऐकून ते थक्क होतात, त्यांत तीन वर्षांखालच्या मुलाला हेच करू देतात. शिवाय अंगणात आपोआप लोळणारे मूल आणि जवळ बसून बोलणाऱ्या, नाव सांगणाऱ्या, वाट पाहणाऱ्या माणसासमवेत खेळणारे मूल यांत मोठे अंतर आहे. साधन दारात आहे. उणीव आहे ती सोबतीची.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. तो तर अधिकच गंभीर आहे. उघड्यावर शौच होत असेल, गुरे बांधली जात असतील, तेथली माती खेळायची नव्हे. जंत आणि रक्तक्षय यांनी आधीच पोखरलेल्या मुलाला घाणेरड्या मातीत बसविणे हा अपराध ठरेल. काही मुले माती खातात. ती खोड नसून पुष्कळदा रक्तातील लोह कमी असल्याची खूण असते आणि तिची दखल घ्यायला हवी. म्हणून खेळाची माती स्वच्छ जागेतली, चाळून उन्हात वाळवलेली आणि झाकून ठेवलेली असावी. खेळानंतर साबणाने हात धुणे हा खेळाचाच भाग मानावा. जंतनाशक गोळी वेळेवर मिळावी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती शेंगदाणा, हरभरा, चिंचोका देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकून क्षणात जीव जाऊ शकतो. या वयाला मुलाच्या मुठीहून मोठ्या वस्तूच योग्य. गुंजेचे लाल-काळे बी कितीही मोहक दिसले तरी ते विषारी आहे; मोगली एरंडाचेही तसेच. अंगणात काय आणावे याच्या यादीइतकीच काय आणू नये याची यादी मोलाची आहे.

करावयाचे काय?

केंद्र सरकारने २०२४ साली जन्म ते तीन वर्षे या वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यांत खेळाला आणि स्थानिक साधनांना मान्यता आहे. म्हणजे धोरणाची वाण राहिलेली नाही. भीती आहे ती निराळीच. धोरण खाली उतरता उतरता त्याची खरेदी होते, खरेदीचा ठेका होतो आणि पाड्यावर पोहोचतो तो प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा सीलबंद खोका. तो हरवला किंवा मोडला तर आपल्याला भरून द्यावा लागेल, या धास्तीने सेविका त्याला कुलूप लावते. मोडण्याची भीती नसलेले साधन हेच लहान मुलाचे खरे साधन, हा बोर्डीचा साधा धडा येथे विसरला जातो.

त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस, एक तास, तीन वर्षांखालच्या मुलांना आईसह अथवा आजीसह अंगणवाडीच्या सावलीत बोलवावे. पाण्याची सोय, साबण, एक स्वच्छ सारवलेला कोपरा आणि पाड्यातल्याच टोपल्या एवढे पुरेसे आहे. सेविकेचा हा तास मोबाइलवरील नोंदींतून मोकळा करावा. मुलाशी खेळणे हे तिच्या कामातील व्यत्यय नसून तेच तिचे काम आहे, असे पर्यवेक्षिकेने लेखी सांगावे. कोणते पान, कोणते फळ, कोणते बी निर्धोक आहे हे पाड्यातील वृद्धांना विचारावे. त्यांच्याकडून शिकण्याचा हा प्रसंग दोन्ही बाजूंना उपकारक होईल. स्थलांतराच्या काळात हेच फडावर कसे नेता येईल, याचा विचार महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी मिळून करावा. धाकट्या भावंडाला सुरक्षित जागा मिळाली तर त्याची थोरली बहीणही शाळेत दिसू लागेल.

याला मोठा खर्च लागत नाही. कदाचित म्हणूनच याची मागणी कोणी हिरिरीने करीत नाही. वजनकाटा मुलाची झालेली वाढ मोजतो. ती घडविण्याचे सामर्थ्य त्याच्या पोटातल्या घासात आणि हातातल्या खेळात आहे. घास देण्याची जबाबदारी शासनाने पत्करली आहे. आता त्याचे अंगणही त्याला परत मिळायला हवे.