भोक लहान, चीर मोठी

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या सायकलतळावरील फायबरचा पत्रा उभा चिरला. त्या वेळी खाली मुले नव्हती, ही ईश्वराची कृपा. वाऱ्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार होतो. परंतु वृद्ध मिस्त्रींनी पत्रा उतरवून आमच्यापुढे धरला. चीर नेमकी त्या भोकांतून गेली होती, जी पंधरा ऑगस्टच्या पताकांसाठी आम्हीच खिळा ठोकून पाडविली होती!

चार बोटे रुंद पट्टीत बोटभर भोक पाडले तर बळ पावपट घटेल, असा आपला सरळ हिशेब. पण भोकाच्या जागेतून जाणारा भार वळसा घेऊन काठाशी गर्दी करतो. एकजिनसी, रुंद पत्र्यात गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ साली गणिताने दाखविले. ॲल्युमिनियमसारखा धातू तेथे किंचित लवतो आणि भार शेजारी वाटून देतो. राळेत बसविलेले काचेचे वा कार्बनचे तंतू ठिसूळ. ते लवत नाहीत, तुटतात. सारे तंतू ओढीच्याच दिशेने मांडलेले असतील, तर काठावरचा ताण तिपटीहूनही वाढतो.

आणखी एक नवल असे की, रुंद पत्र्यात लहान व मोठ्या भोकाच्या काठावरील ताण सारखाच. तरीही मोठे भोक पत्र्याला अधिक दुबळे करते. कारण मोठ्या भोकाभोवती वाढलेल्या ताणाचा पट्टा रुंद असतो. काठापासून ठराविक अंतरावरचा ताण मोजून बळ ठरविण्याची रीत व्हिटनी आणि न्यूइस्मर यांनी १९७४ साली मांडली. आपल्या ‘तेजस’ विमानाच्या पंखांतही कार्बनतंतू आहेत. अशा विमानांसाठी पदार्थ निवडताना अखंड पट्टीबरोबर भोक पाडलेली पट्टीही ओढून पाहतात. कारण बोल्टांना भोके चुकत नाहीत.

भोक कसे पाडले, यालाही महत्त्व आहे. खिळ्याच्या घावाने काठाशी बारीक चिरा पडतात, थरांचे पापुद्रे सुटतात. म्हणून मिस्त्रींनी नव्या पत्र्यामागे लाकडी ठोकळा धरला, धारदार गिरमिट सावकाश फिरविले आणि बोल्टाखाली रुंद वायसर घातले. शिंपीदादा काजाभोवती टाके घालतात, त्यांना हे शास्त्र शिकवावे लागले नाही. आम्हाला मात्र एक पत्रा गमवावा लागला.

यंदा पताका आम्ही खांबांना बांधल्या.