दोरा ताणून पाहिला तेव्हा

सहामाही परीक्षेत इयत्ता नववीच्या भूगोलाच्या पेपरात आम्ही दोन गुणांचा एक प्रश्न घातला होता: दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला सर्वांत कमी अंतराच्या मार्गाने जाणारे विमान कोणत्या प्रदेशांवरून जाईल? बहुतेकांनी चीन, जपान, प्रशांत महासागर असे लिहिले व आम्ही त्यांना पूर्ण गुण दिले. एका विद्यार्थ्याने सायबेरिया, आर्क्टिक महासागर, अलास्का असे लिहिले. त्यावर आम्ही फुली मारली. नुसती फुली मारून थांबलो असतो तरी बरे होते. शेजारी 'नकाशा पाहावा' असा शेराही लिहिला.

चार दिवसांनी तो विद्यार्थी आजोबांना घेऊन कार्यालयात आला. आजोबांच्या पिशवीत एक जुना पृथ्वीगोल आणि शिवणकामाचा दोरा होता. "सर, गुणांसाठी आलो नाही," ते म्हणाले, "पण पोराचं बरोबर असेल, तर तसं त्याला सांगा म्हणजे झालं."

दोऱ्याचे एक टोक दिल्लीवर, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून त्याने दोरा ताणला. तो जपानकडे वळलाच नाही. दिल्लीहून जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघाला, सायबेरिया ओलांडून ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही थोडा वर गेला आणि अलास्का, कॅनडा करत खाली उतरला. नंतर आम्ही गणित करून पाहिले. हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून ओढलेल्या रेषेने गेलो, तर सुमारे १५,००० किलोमीटर होतात. म्हणजे आम्ही पूर्ण गुण दिलेल्या उत्तरात अडीच हजार किलोमीटर जास्तीचे होते!

कारण साधे आहे. पृथ्वी लाडवासारखी आणि नकाशा पोळीसारखा. लाडवाची पोळी करायची तर कुठेतरी ताणावेच लागते. गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये जो नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचे तर त्या नकाशावर सरळ रेषा ओढली की काम झाले. त्याने खलाशांना फसवले नाही. पण ध्रुवांकडचा भाग त्यात इतका ताणला जातो की ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते; प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. गोलावरचे सर्वांत कमी अंतर मोजायचे ते पृथ्वीच्या केंद्रातून कापणाऱ्या बृहत् वृत्तावर. विषुववृत्त तसे आहे, पण बाकीची अक्षवृत्ते तशी नाहीत, आणि नेमके त्यांनाच आपण नकाशात सरळ समजून बसतो.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे रेखांशाला 'देशांतर' म्हणतात. मराठीत देशांतर म्हणजे देश सोडून जाणे. इंदूरच्या आपल्या कितीतरी घरांतील मुले-सुना आज दोन्ही अर्थांनी देशांतरी आहेत. त्यांना भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांना विमान कोणत्या वाटेने जाते हे नातवाने समजावून सांगावे, एवढी अपेक्षा भूगोलाकडून ठेवायला हरकत नसावी.

आता दुसरी बाजू. विमान त्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. तिबेटच्या पठारावर केबिनमधील हवेचा दाब गेला तर विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावे लागते, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे. वाराही आहेच. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले, तरी पश्चिमेकडून वाहणारा वारा पाठीशी मिळाल्याने वेळ उलट वाचला. म्हणजे 'कमी वेळाचा मार्ग' असे विचारले असते, तर जपानवाल्यांचेही बरोबर ठरू शकले असते. पण आम्ही विचारले होते अंतर.

शिवाय आकाशातही सीमा असतात. २०२२ पासून रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या अनेक विमान कंपन्यांना बंद झाले आणि त्यांची विमाने लांबून जाऊ लागली. भारतीय विमाने तेथून जात राहिली. जून २०२३ मध्ये याच दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावरचे विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियातील मगादान येथे उतरले, तेव्हा 'हे गाव वाटेत आलेच कसे?' असे अनेकांना वाटले असेल. भिंतीवरचा नकाशा त्याचे उत्तर देत नाही. पृथ्वीगोलावर मगादान शोधा. आमची आडवी रेषा आणि त्या मुलाचा दोरा यांच्या मधोमध सापडेल.

विश्वस्त मंडळाला आमचे स्पष्ट सांगणे आहे. या वर्षी आणखी स्मार्ट बोर्ड घेण्याचा विचार चालू आहे. त्याला आमचा विरोध नाही. त्यावर पृथ्वी फिरवून दाखवता येते हेही मान्य. परंतु पडदाही शेवटी सपाटच. चाळीस मुले बसून बघतात, हात कोणाचाच लागत नाही. शाळेत आज पृथ्वीगोल एकच आहे. तो कार्यालयातील कपाटावर, करंडकांच्या मागे असतो आणि त्याचा आस वाकलेला आहे. एका बोर्डाच्या पैशात पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गाला दोन-दोन गोल सहज मिळतील. आधी ते घ्यावेत, बोर्ड पुढच्या वर्षी. यावर कोणाला वेगळे वाटत असेल, तर कार्यालयात येऊन जरूर बोलावे. आमची चूक दाखवायलाही लोक तिथेच येतात, असा अनुभव आहे.

त्या विद्यार्थ्याला दोन गुण दिले आहेत व शेरा खोडून खाली आम्ही सही केली आहे. ज्यांनी जपान लिहिले त्यांचे गुण कापलेले नाहीत, कारण तसे आम्हीच शिकवले होते. मात्र येत्या शनिवारी चौथ्या तासाला नववीचे दोन्ही वर्ग सभागृहात एकत्र बसतील. आजोबांनी त्यांचा पृथ्वीगोल एक दिवसापुरता द्यायचे कबूल केले आहे. दोरा प्रत्येकाने घरून आणावा.