आयआयएमचा फॉर्म भरण्याआधी : कागद, वेळ आणि पैसा

कॅटची नोंदणी साधारणपणे ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होते, सप्टेंबरमध्ये बंद होते आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी परीक्षा होते. दरवर्षी याच सहा-सात आठवड्यांत विहारातल्या अभ्यासिकेत आमच्याकडे मुले-मुली विचारायला येतात. हुशारीत कोणी कमी नसते. पण निम्म्यांचा प्रश्न अभ्यासाचा नसून कागदाचा असतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, व्यवस्थापन शिक्षणाची तयारी परीक्षेच्या आधीच्या वर्षी, घरातली ट्रंक उघडून सुरू करावी.

आधी हा विषय आपल्या चळवळीचा का आहे, ते पाहू. शिकला की एमपीएससी, यूपीएससी, बँक किंवा शिक्षक, ही वाट आपल्या समाजाने दोन-तीन पिढ्या धरली आणि त्याचा फायदाही झाला. आज सरकारी भरती रखडते, कंत्राटी पद्धत वाढते आणि कायमच्या जागा कमी होतात. निर्णय घेणाऱ्या खुर्च्या मोठ्या प्रमाणावर खाजगी क्षेत्रात आहेत आणि तिथल्या नोकऱ्यांत आरक्षण नाही. त्या खुर्च्यांकडे जाणारा एक जिना म्हणजे आयआयएम. महाराष्ट्रातच आता दोन आयआयएम आहेत. नागपूरची २०१५ साली सुरू झाली आणि मुंबईची २०२३ साली जुन्या ‘नीटी’चे रूपांतर होऊन आली. या केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींसाठी १५ टक्के जागा आहेत. त्या घेणे हा आपला घटनात्मक हक्क आहे.

पहिली अडचण : प्रमाणपत्रावर काय लिहिले आहे?

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतींचे दार उघडले. पण त्या आदेशाची रचना अशी आहे की, व्यक्ती यादीतल्या जातीची असावी आणि तिचा धर्म हिंदू, शीख किंवा बौद्ध असावा. ‘बौद्ध’ हे त्या यादीतल्या जातीचे नाव नाही. त्यामुळे केंद्रीय संस्थेसाठी केंद्र सरकारच्या नमुन्यातले, यादीतील जातीचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र लागते. राज्यात चालणारा ‘नवबौद्ध’ असा दाखला घेऊन गेलेला विद्यार्थी तिथे अडकू शकतो.

इथे अनेकांच्या मनाला लागते, आणि ते आम्ही समजू शकतो. १९५६ नंतर आपल्या आजोबांनी शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले. ती चूक नव्हती, ते बंड होते. आता नातवाला तीच जुनी जात सिद्ध करण्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. पणजोबांचा शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी यांसाठी तहसील आणि जुन्या शाळेच्या खेपा होतात. धर्म आपला, तो अभिमानाने सांगावा. जातीचा दाखला हा भेदभावाच्या इतिहासाचा सरकारी पुरावा आहे, ती आपली ओळख नव्हे. हा फरक मनात स्पष्ट असला की रकाना भरताना हात थांबत नाही.

अर्जात भरलेला प्रवर्ग नोंदणी बंद झाल्यावर बदलता येत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘आधी खुल्यातून भरतो, पुढे बघू’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे, आधारवरचे आणि दाखल्यावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, तेही तपासावे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना याचा त्रास जास्त होतो.

कॅट की सीईटी?

आमचे उत्तर : दोन्ही, पण दोन्हींचे नियम वेगळे समजून. कॅटसाठी पदवीला अनुसूचित जातींना ४५ टक्के गुण पुरतात, शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात आणि परीक्षा शुल्क इतरांच्या निम्मे असते. इंग्रजी उतारे, तर्क व माहिती विश्लेषण आणि गणित असे तीन विभाग असतात, प्रत्येकी ४० मिनिटांचे. गणिताचा पाया शालेयच आहे. मराठी माध्यमाच्या मुलांची खरी परीक्षा इंग्रजी उताऱ्यांत होते. ती तीन महिन्यांच्या क्लासने सुटत नाही, तिला वर्षभर रोजचे वाचन लागते.

राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. मुंबईच्या जमनालाल बजाज आणि सिडनहॅमसारख्या संस्थांचे दार या परीक्षेने उघडते आणि तिथली फी जुन्या आयआयएमच्या तुलनेत बरीच कमी आहे. मात्र राज्याच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. पडताळणी समितीकडे अर्ज करून महिने जातात, म्हणून तो पदवीच्या दुसऱ्या वर्षातच टाकावा.

खाजगी संस्थांबाबत सावध राहावे. ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले, सर्वोच्च न्यायालयाने ते २०१४ साली खाजगी विनाअनुदानित संस्थांच्या बाबतीतही वैध ठरवले. तरीही केंद्राने अशा संस्थांसाठी कायदा केलेला नाही. अनेक नामांकित खाजगी संस्थांत आपल्यासाठी एकही राखीव जागा नाही. तिथला अर्ज म्हणजे मोठी फी आणि खुली स्पर्धा, हे मान्य करूनच भरावा. हा कायदा व्हावा, ही मागणी युवक संघटनांनी लावून धरायला हवी.

पदवीनंतर लगेच की नोकरी करून?

बाबासाहेबांचे उदाहरण इथे भाषणासाठी नव्हे, नियोजनासाठी पाहावे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पण परत येऊन शिक्षण पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी आधी घेतली. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात शिकवले, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले.

घरात कमावणारे कोणी नसेल तर दोन वर्षे नोकरी करून जाणे म्हणजे माघार नाही. निवडीत अनेक संस्था कामाच्या अनुभवाला गुण देतात आणि मुलाखतीत बोलायला हाताशी काही ठोस असते. पण नोकरीत शिरताना परीक्षेचे वर्ष कागदावर लिहून ठेवावे, नाहीतर हप्ते आणि जबाबदाऱ्या वाढतात आणि ते वर्ष येतच नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण चांगले असतील, इंग्रजी वाचन पक्के असेल आणि घर एक वर्ष तग धरत असेल, तर शेवटच्या वर्षीच प्रयत्न करावा.

पैसा

जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी २० लाखांच्या पुढे गेली आहे. हा आकडा ऐकूनच अनेक आई-वडील विषय बंद करतात. अनुसूचित जातींसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे, त्यात आयआयएम येतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. पण प्रत्येक संस्थेत तिच्या जागा ठरावीक असतात, त्यामुळे प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ती मिळालीच असे नाही. उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला हाताशी ठेवावा आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी निकालाआधी करावी. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा ७५ आहेत.

विहारांनी काय करावे?

जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग कॅटच्या परीक्षा शुल्कासाठी आणि सराव परीक्षांसाठी काढता येईल. वर्षावासाच्या तीन महिन्यांत प्रवचनानंतर अर्धा तास कागदपत्र शिबिर घेता येईल. आयआयएममधून शिकून गेलेल्या आपल्या ताई-दादांनी वर्षातून दोन रविवार मुलाखतीच्या सरावाला द्यावेत. तिथे ‘कोट्यातून आलास का’ हा प्रश्न कानावर येतो, तेव्हा काय बोलायचे हे त्यांच्याइतके कोण शिकवणार?

ज्यांना पुढच्या वर्षी परीक्षा द्यायची आहे, त्यांनी या रविवारी एकच काम करावे : आपले जातीचे प्रमाणपत्र काढून त्यावर नेमके काय लिहिले आहे ते वाचावे.

जयभीम! नमो बुद्धाय!